मुंबई दूरदर्शनची एक संध्याकाळ रंगमंचावर उभी करायची आहे: क्रम, वेळ आणि जोडकाम

मधला_पडदा

गणेशोत्सवात सोसायटीच्या सभागृहात अडीच तासांचा कार्यक्रम करायचं ठरतंय. विषय आहे मुंबई दूरदर्शनची सत्तरच्या दशकातली एक अख्खी संध्याकाळ. जुन्या फिती लावायच्या नाहीत. मुलांचा कार्यक्रम, शेती, बातम्या, शास्त्रीय गाणं, मुलाखत, नाट्यप्रवेश, चित्रपटगीतं हे सगळं इथल्याच लोकांनी सादर करायचं आणि मध्ये निवेदिका. प्रेक्षक दीडशेच्या आसपास, वयं सहापासून ऐंशीपर्यंत. प्रवेश मोफत. एक कॅमेरा, एक प्रोजेक्टर आणि मोठा पडदा हाताशी आहे.

माझं मत आधीच सांगतो. त्या संध्याकाळी रंगायच्या त्या जोडणीमुळे. विविधगुणदर्शनातही दहा प्रकार असतातच, तरी तासाभरात खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. दूरदर्शनवर मुलांचं किलबिल संपून शेतीचं आमची माती आमची माणसं सुरू झालं तरी घर जागचं हलत नसे. तर जाणकारांनी सांगावं: क्रम कसा लावायचा, वेळेचा हिशोब कसा ठेवायचा, दोन कार्यक्रमांच्या मधल्या मिनिटात काय करायचं? आणि काळाशी इमान राखायचं तर चूक कुठे होते?

संध्याछाया

आधी वर्ष ठरवा, "सत्तरचं दशक" एवढ्यावर भागणार नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण पहिली साडेतीन वर्षं टेलिव्हिजन आकाशवाणीचाच भाग होतं. १ एप्रिल १९७६ ला ते वेगळं झालं आणि तो फिरत फिरत आकाराला येणारा बोधचिन्हाचा डोळा, ती शहनाईची धून तेव्हापासून. म्हणजे १९७४ ची संध्याकाळ करणार असाल तर सगळ्यांना पाठ असलेली ती सुरुवात तुम्हाला वापरता येणार नाही.

जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून. रंग आणि दिल्लीहून येणारा राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ पासून. त्यानंतरची संध्याकाळ घेतलीत तर रात्रीचा मोठा तुकडा दिल्लीचा आणि मुंबईच्या हाती फक्त आधीचा भाग.

१९७७ ते १९८१ यांतलं एखादं वर्ष घ्या. बोधचिन्ह आहे, जाहिरात आहे, चित्र कृष्णधवल आहे आणि अख्खी संध्याकाळ मुंबईची आहे.

दादरकर

+१ वर्ष ठरवण्याला. पण धागाकर्त्यांच्या मूळ मताशी सहमत नाही. घर जागचं हलत नसे याचं कारण एकच: दुसरी वाहिनी नव्हती. मुंबईत दुसरी वाहिनी आली १ मे १९८५ ला. तोवर बटण फिरवून जाणार कुठे? आज दीडशे लोकांच्या खिशात दीडशे पडदे आहेत. जोडणी कितीही सुबक केलीत तरी शेतीच्या कार्यक्रमाला ते फोन काढणारच. शेती गाळा, मुलाखत दहा मिनिटांवर आणा, गाणी वाढवा.

बांधावरून

शेती गाळलीत तर संध्याकाळ दूरदर्शनची राहणारच नाही. शेतकऱ्याचा कार्यक्रम दादरच्या चाळीत लागत होता आणि शहरातल्या माणसाला खत-बियाण्याचे शब्द कळत होते, हे त्या वाहिनीचं मोठं काम होतं.

लोक फोन काढतात ते सर्वसाधारण बोलणं ऐकून. "शेतकरी बांधवांनी आधुनिक तंत्राचा अवलंब करावा" असं वाक्य आलं की लक्ष उडतं. त्याऐवजी एकच काम घ्या आणि ते पुरतं दाखवा. जुलैची संध्याकाळ असेल तर भातलावणी. स्टेजवर १ मीटर बाय १ मीटरचा, ४ इंच खोल पत्र्याचा ट्रे, त्यात चिखल. दोन ओळींत २० सेंमी अंतर, ते मोजायला दोरीला दर २० सेंमीवर गाठ. ओळीत रोपांचं अंतर १५ सेंमी. एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, २ ते ३ रोपं, रोपं २१ ते २५ दिवसांची, लावण २ ते ३ सेंमी खोल. खोल लावली तर फुटवे उशिरा आणि कमी येतात, कारण फुटवा जिथून निघतो तो भाग चिखलात गाडला जातो. हे बोलत बोलत करून दाखवलं तर १२ मिनिटं सरलेली कळत नाहीत. गणेशोत्सवात ताजी भातरोपं मिळणं अवघड, तेव्हा कुंडीत २५ दिवस आधी भात पेरून ठेवा. सोललेला तांदूळ नव्हे, साळ. ती २४ तास भिजवून मगच पेरायची.

जातींची नावं घ्यायची तर जया आणि रत्ना घ्या, दोन्ही तेव्हा शेतात होत्या. नंतर आलेल्या संकरित जातींची नावं तोंडात येऊ देऊ नका.

घड्याळवाला

वेळेबद्दल. त्या संध्याकाळचा कणा म्हणजे बातम्यांची वेळ. बाकी सगळं मागेपुढे सरकतं, बातम्या सरकत नाहीत. म्हणून हिशोब सुरुवातीपासून पुढे न करता बातम्यांपासून मागे करायचा.

समजा कार्यक्रम ६:३० ला सुरू, बातम्या ७:३० ला, शेवट ९:०० ला. पहिला तास असा:

बोधचिन्ह आणि सुरुवातीचं निवेदन २ मिनिटं, मुलांचा कार्यक्रम १८, निवेदन १, शेती २०, निवेदन १, गायन १५, निवेदन १. बेरीज ५८. उरलेली २ मिनिटं मोकळी.

आता मागून मोजा. बातम्यांच्या आधीचं निवेदन ७:२९:०० ला सुरू. म्हणजे गायन ७:२९ ला संपलंच पाहिजे, म्हणजे ते ७:१४ ला सुरू. त्याआधीचं निवेदन ७:१३ ला. शेती ७:१३ ला संपणार, म्हणजे ६:५३ ला सुरू. त्याआधीचं निवेदन ६:५२. मुलांचा कार्यक्रम ६:३४ ते ६:५२. सुरुवात ६:३० ते ६:३२. तुमची मोकळी २ मिनिटं ६:३२ ते ६:३४ इथे पडली. उशिरा येणाऱ्यांसाठी ती तिथेच हवीत.

शेतीवाले म्हणतात १२ मिनिटं. मग उरलेल्या ८ मिनिटांत प्रेक्षकांची पत्रं घ्या. पत्रोत्तर हा लवचीक भाग आहे: वेळ असेल तर पाच पत्रं, नसेल तर दोन. अशी एक तरी ताणता-आखडता येणारी गोष्ट प्रत्येक तासात हवी.

बातम्या १२ मिनिटं, ७:४२ ला संपल्या. पुढे ७८ मिनिटं. मुलाखत २०, नाट्यप्रवेश २८, गाणी २०, निवेदनं ४, शेवटी उद्याचे कार्यक्रम ३. बेरीज ७५, मोकळी ३. ती नाट्यप्रवेशानंतर ठेवा, कारण तिथे नेपथ्य हलवायचं असतं.

प्रत्येकाच्या हातात एकच कागद: ओळीत क्रमांक, सुरू होण्याची वेळ, लांबी, कुठून (स्टेज डावी बाजू, स्टेज उजवी बाजू, पडदा), पहिले शब्द, शेवटचे शब्द. शेवटचे शब्द सगळ्यांत महत्त्वाचे. ते माहीत नसले की ध्वनीवाल्याला पुढचा मायक्रोफोन कधी उघडायचा ते कळत नाही आणि दोन सेकंदांचं शांत भोक पडतं.

तानपुरा

घड्याळवाले, हिशोब उत्तम, पण गायन बातम्यांच्या अगदी आधी ठेवण्यात धोका आहे. गायक मैफलीत डोळे मिटून गातो. १५ मिनिटांत विलंबित ख्याल बसवायचा म्हणजे आलापीला कात्री लावावी लागते आणि हात दाखवून कुणी थांबत नाही.

गायन तिथेच ठेवायचं तर बंदिश मध्यलयीची घ्या, तीनताल किंवा एकताल, सोबत छोटा तराणा. समोर, प्रेक्षकांना न दिसेल असं, नजरेच्या उंचीवर पाट्या: ५, २, १. "१" ची पाटी आली की तिहाई आणि सम. हे तबलजीशी ठरवा, गायकाशी नव्हे. पाटीकडे तबलजीचं लक्ष राहतं.

दुसरं म्हणजे वाद्यं लावायला ४ ते ६ मिनिटं लागतात आणि ती प्रेक्षकांसमोर घालवू नयेत. स्टेजचे दोन भाग करून डावीकडे शेती चालू असताना उजवीकडे पडद्यामागे तंबोरा जुळवून ठेवा. तबला मात्र सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं पुन्हा तपासावा लागतो. दिव्यांच्या उष्णतेने पुडी (वरचं कातडं) ताणते आणि स्वर चढतो. पंखा थेट तबल्यावर येऊ देऊ नका.

घड्याळवाला

मान्य. तबलजीला पाटी दाखवण्याची सूचना कागदात लिहून टाका. गायन बातम्यांच्या आधी ठेवण्याचं कारण एवढंच, की शेतीनंतर लगेच बातम्या आल्या तर सलग पस्तीस मिनिटं नुसतं बोलणं होतं. बोलणं, बोलणं, गाणं, बोलणं इतपत चालतं. तीन बोलणी सलग नकोत.

अक्षरजुळारी

पाट्यांवरून आठवलं, कार्यक्रमांच्या नावांच्या पाट्या हातानेच करा. संगणकावरचा फाँट लगेच ओळखू येतो. काळा मॅट कार्ड, १२ बाय ९ इंच (चित्र ४ ला ३ असायचं), पांढरा पोस्टर रंग. मजकूर मधल्या ८० टक्क्यांत, म्हणजे आडवा ९.६ इंच आणि उभा ७.२ इंच. जुन्या संचांवर कडा कापल्या जायच्या म्हणून ही मर्यादा होती.

देवनागरीची खास अडचण शिरोरेखा. चित्र ६२५ रेषांचं, त्यांतल्या दिसणाऱ्या ५७५ च्या आसपास, आणि एका वेळी एकाआड एक रेषा उमटायची. ९ इंच उंचीचं कार्ड त्यात बसवलं तर एक रेषा साधारण ०.४ मिमी जागा व्यापते. शिरोरेखा तितकीच बारीक असेल तर ती एका फेरीत दिसते, दुसऱ्या फेरीत नाही, म्हणजे सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. इंग्रजी अक्षरात आडवी रेघ थोडी असते, आपल्याकडे अख्ख्या शब्दावर असते, म्हणून आख्खा शब्द थरथरतो. शिरोरेखा १.५ मिमीपेक्षा बारीक नको, २ मिमी उत्तम. आजच्या प्रोजेक्टरवर थरथरणार नाही, पण त्या काळच्या पाट्यांचं ठसठशीत वळण याच गरजेतून आलंय, ते उतरवा. एका पाटीवर चार ओळींहून जास्त नको.

कार्डं फळीवर एकामागे एक रचून ठेवायची आणि वरचं कार्ड वर उचलून काढायचं, बाजूला ओढायचं नाही. बाजूला ओढलं की खालचं सरकतं आणि नाव तिरकं दिसतं.

राखाडी

कृष्णधवल चित्रासाठी: थेट कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर दाखवणार असाल तर ओबीएस हा संगणकावरचा प्रोग्राम पुरे. कॅनव्हास १४४० बाय १०८० ठेवा, कॅमेऱ्यावर रंगसुधारणेचा फिल्टर लावून सॅच्युरेशन उणे १. कॅमेऱ्याचा शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ठेवलात तर ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकताना दिसतील.

कपड्यांचं मात्र आधी पाहा. उजळपणा मोजताना लाल सुमारे ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११ धरला जातो. त्यामुळे लाल साडी आणि गडद हिरवं नेपथ्य राखाडीत एकमेकांत मिसळून जातात, निवेदिकेचा फक्त चेहरा तरंगत राहतो. लालभडक कुंकू काळं दिसतं. पांढराशुभ्र सदरा नको, फिका निळा किंवा फिका पिवळा घ्या. पांढऱ्याने कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. फोनचा कॅमेरा कृष्णधवलवर ठेवून आठवडाभर आधी सगळ्यांचे कपडे बघून टाका.

आणखी एक: प्रोजेक्टरवरचं चित्र आवाजाच्या मागे राहतं, साधारण ८० ते १५० मिलिसेकंद. माणूस स्टेजवर समोर दिसतोय आणि पडद्यावर त्याचे ओठ उशिरा हलतात, ते फार खटकतं. प्रोजेक्टरचा गेम मोड लावा, आणि निवेदिकेला बाजूच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवून फक्त पडद्यावरच दाखवा. मग आवाजही तेवढाच मागे ढकलता येतो. ओबीएसमध्ये सिंक ऑफसेटला मिलिसेकंद भरायचे. टाळी वाजवून जुळवा.

मधला_पडदा

राखाडी, निवेदिका फक्त पडद्यावर ही कल्पना फार आवडली. बाकी सगळे प्रत्यक्ष आणि ती एकटी चौकटीत. ठरलं.

शेतीही राहील, दादरकर रागावू नका.

दादरकर

रागावतो कशाला! ट्रेमधला चिखल बघायला पहिल्या रांगेत जागा ठेवा. पण एकच वाहिनी हे कारण अजून कुणी खोडलेलं नाही.

संध्याछाया

खोडत नाही, अर्धं मान्य करते. एकच वाहिनी असल्यामुळे लोक पहिल्यांदा बसत. पण बसलेले लोक बघत होते की नुसते गाणं लागायची वाट बघत होते, हे जोडणीवर ठरायचं.

साइटचा प्रयोग घ्या, म्हणजे उपग्रहावरून गावांना टीव्ही दाखवण्याचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली २,४०० गावं, महाराष्ट्र त्यात नव्हता. गावात जाळीची ३ मीटरची तबकडीसारखी अँटेना आणि एक संच. संध्याकाळचं प्रक्षेपण अडीच तासांचं. तिथेही वाहिनी एकच. तरी अर्ध्या तासाचा सर्वांसाठी समाईक भाग आणि बाकीचा वेळ भाषेनुसार वाटलेला, अशी बांधणी करावी लागली. ओडियाचा भाग चालू असताना हिंदीच्या गावाला त्यातलं काही कळणार नव्हतं. एकच वाहिनी असूनही क्रमाचा विचार करावाच लागला.

मुंबई केंद्राचंही तेच: मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, उर्दू. संताकुकडी हा गुजराती कार्यक्रम लागला की गुजराती घर पुढे सरकायचं आणि मराठी घरानेही ऐकता ऐकता गुजराती उचललं. तुमच्या सोसायटीत गुजराती, कोकणी, कानडी कुटुंबं असतील तर एक १० मिनिटांचा तुकडा त्यांच्या भाषेत घ्या, निवेदन मराठीत.

सिंहगड_वारा

सजावटीचा विषय कुणी काढला नाही. दारात अँटेना उभारा! पण मुंबईची की पुण्याची ते ठरवून, दोन्ही सारख्या नव्हत्या.

मुंबई चार नंबरच्या चॅनलवर, ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. तरंगाची अर्धी लांबी साधारण २.३ मीटर, म्हणून मधला दुमडलेला दांडा २.२ मीटरचा, मागचा परावर्तक ५ टक्के मोठा म्हणजे २.३१ मीटर, पुढचा ५ टक्के लहान म्हणजे २.१ मीटर. दांड्यांतलं अंतर ९० सेंमीच्या आसपास. पुण्याला सिंहगडावरून पाच नंबरचं चॅनल यायचं, १७४ ते १८१ मेगाहर्ट्झ, तिथे मधला दांडा जेमतेम ८० सेंमी, मागचा ८४, पुढचे ७६, अंतर ३४ सेंमी. अर्धा इंच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या घ्या. दांडे जमिनीला समांतर, उभे नकोत. मधल्या दांड्यातून ३०० ओहमची चपटी, दोन तारांची रिबन खाली आणा. ती लोखंडी खांबाला चिकटवून बांधायची नाही, दोन-तीन इंच दूर ठेवायची, नाहीतर चित्राला भुतं (दुहेरी सावल्या) येत.

मुंबईत समुद्राच्या हवेने जोडाचे स्क्रू पांढरे पडायचे, तिथे सिग्नल अडायचा. वर चढून नुसती अँटेना फिरवल्यावर चित्र सुधारायचं त्याचं श्रेय पुष्कळदा दिशेला मिळायचं, खरं तर हलवल्यामुळे गंजलेला जोड पुन्हा टेकलेला असायचा.

दादरकर

शेवटच्या वाक्याने लाखो मुंबईकरांचं गच्चीवरचं कौशल्य एका झटक्यात काढून घेतलंत :)

पट_सोळा

चित्रपटगीतांबद्दल एक तांत्रिक गोष्ट, गाणाऱ्यांच्या उपयोगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, दूरदर्शन २५ चं. म्हणून टेलिसिनेवर, म्हणजे पटाचं टीव्हीचित्र करणाऱ्या यंत्रावर, पट सेकंदाला २५ चौकटींनी चालवत, म्हणजे ४ टक्क्यांच्या किंचित वर वेगाने. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपे. सोबत आवाजही चढे, जवळजवळ पाऊण अर्धस्वर: काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या दिशेने सत्तर टक्के सरकलेलं. तेव्हा जुन्या प्रक्षेपणाची ध्वनिफीत ऐकून पट्टी ठरवू नका, गाण्याच्या मूळ तबकडीवरून (रेकॉर्डवरून) ठरवा. हार्मोनियम कुठल्याच पट्टीत बसत नाही अशी तक्रार येते ती इथून.

आणि छायागीत गुरुवारी असायचं. संध्याकाळ गुरुवारची घ्या, नाहीतर जाणता प्रेक्षक उभा राहून विचारेल.

मधला_पडदा

वर्ष १९७८ ठरतंय, गुरुवार. बातम्या खऱ्या घ्यायच्या. "व्यत्यय"ची पाटी मध्येच एकदा मुद्दाम दाखवावी असं काही जणांचं म्हणणं आहे. टाळ्या नक्की मिळतील. काय वाटतं?

घड्याळवाला

मुद्दाम नको. ती पाटी काम करणारी पाटी होती. फितीच्या यंत्राच्या हेडला चुंबकीय पावडर चिकटली, सोळा मिलिमीटरच्या पटाचा जोड यंत्राच्या खिडकीत सुटला, लिंक तुटली, वीज गेली, की चित्र जायचं आणि प्रेक्षकाला "तुमचा संच बिघडलेला नाही, अडचण आमच्याकडे आहे" हे कळवणं भाग असायचं. पट पुन्हा ओवायला दोन-तीन मिनिटं लागत. तेवढ्या वेळात पाटी आणि हलकं वाद्यसंगीत.

तुमच्याकडेही दिवे जातील, माइक बंद पडेल, ट्रे सांडेल. पाटी आणि दोन मिनिटांची बासरीची फीत तयार ठेवा आणि खरंच अडलं की लावा. आधी खोटी दाखवलीत तर खऱ्या वेळी लोक हसतील आणि तुम्हाला हवी असलेली शांतता मिळणार नाही.

अक्षरजुळारी

घड्याळवाल्यांशी असहमत. लहान मुलांना ती पाटी काय होती हे कळायचं असेल तर एकदा दिसायला हवी. मुलांच्या कार्यक्रमातच "ही पाटी का लागते" असा तीन मिनिटांचा भाग करा: १६ मिमी पटाचा तुकडा, कात्री, चिकटपट्टी, आणि पाटी. मग ती खोटी ठरत नाही आणि पुढे खरी लागली तर मुलंच मोठ्यांना समजावतील.

घड्याळवाला

हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. मुलांच्या १८ मिनिटांत बसवा, वेगळी वेळ मिळणार नाही.

संध्याछाया

गुरुवार आणि जुलैची भातलावणी दोन्ही साधायची तर २७ जुलै १९७८ घ्या, गुरुवारच होता. बातम्यांना मजबूत दिवस. राज्यात शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार १८ जुलैला आलेलं, नऊ दिवसांचं. दिल्लीत मोरारजी देसाई पंतप्रधान. २५ जुलैच्या रात्री इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला लुईस ब्राउन, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, जन्मलेलं. बाकीचा मजकूर ग्रंथालयात त्या आठवड्याची मराठी वृत्तपत्रं बघून लिहा, मनाने घालू नका.

१२ मिनिटांना मिनिटाला १०५ शब्दांच्या बेताने सुमारे १,२५० शब्द. सुरुवातीला ठळक बातम्या, शेवटी पुन्हा ठळक बातम्या. शेवटच्या दोन बातम्यांवर खूण करून ठेवा, उशीर झाला तर त्या गाळायच्या. प्रत्येक बातमी वेगळ्या कागदावर, कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत भरपूर जागा, आणि पानाच्या शेवटी वाक्य तुटू द्यायचं नाही. आकडे अक्षरांत लिहा. "१,२५,०००" वाचताना नजर अडखळते, "सव्वा लाख" वाचताना नाही. कागद उलटायचा नाही, बाजूला सरकवायचा. उलटताना खडखड माइकमध्ये जाते.

कायद्याची_बाजू

प्रवेश मोफत आणि हौशी मंडळ, हे दोन्ही जपा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेल्या साहित्य, नाट्य वा संगीतकृतीच्या सादरीकरणाला सूट आहे. देणगी प्रवेशिका छापलीत की ती सूट हातून जाते. सूट जिवंत गाण्याला आहे, तयार ध्वनिमुद्रणाला नाही, म्हणून कराओके ट्रॅकऐवजी पेटी-तबला घ्या. आणि हेच सादरीकरण यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट झाली, तिथे ही सूट लागत नाही. नाट्यप्रवेश नवा लिहून घेतलात तर सगळ्यात मोकळं.

तानपुरा

नाट्यप्रवेश २८ मिनिटांचा एकच नको. दूरदर्शनवरचा गजरा हा कार्यक्रम कसा असायचा? छोटे छोटे प्रसंग, एका सूत्रात ओवलेले. सात-सात मिनिटांचे चार प्रसंग करा, प्रत्येकात दोन किंवा तीन पात्रं, नेपथ्य एकच: टेबल, दोन खुर्च्या, खिडकी. वेळ कमी पडली तर तिसरा प्रसंग आख्खा काढता येतो. एकच सलग नाटुकलं असेल तर मधून काही काढता येत नाही.

मधला_पडदा

हे घेतलं. क्रम असा धरतो: मुलं, शेती आणि पत्रं, गायन, बातम्या, मुलाखत, चार प्रसंग, गाणी, उद्याचे कार्यक्रम. मुलाखत शेजारच्या विभागातल्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बाईंची, तेव्हा टीव्हीचं लायसन टपालात निघत असे, त्याबद्दल. आता फक्त निवेदनं राहिली. एका मिनिटात नक्की काय बोलायचं? आमच्या निवेदिकेने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात शेरोशायरी आहे.

संध्याछाया

मुलाखतीचा विषय छान. लायसन १९८५ मध्ये रद्द झालं, कृष्णधवल संचाला वर्षाला ५० रुपये असत, फक्त ही रक्कम बाईंकडून बोलून घ्या. पण ती मुलाखत १९७८ मध्ये चालली आहे, म्हणून "तेव्हा" नाही, "सध्या" म्हणायला सांगा. रद्द होण्याचं मुलाखतीत येणार नाही, ते कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी.

शेरोशायरी पूर्ण काढा. ते सूत्रसंचालन झालं, निवेदन नव्हे. निवेदनात तीन गोष्टी: आत्ता काय झालं आणि ते कुणी केलं, आता किती वाजले, पुढे काय आणि ते कुणासाठी. ४५ सेकंद, म्हणजे ७५ ते ८० शब्द, उरलेले १५ सेकंद पाटीला आणि पाऊल टाकायला. स्तुती नाही, "टाळ्या झाल्या पाहिजेत" नाही. नमुना देते, शेती ते गायन:

"भातलावणीबद्दलची ही माहिती आपण ऐकलीत. दोन ओळींत वीस सेंटिमीटर आणि दोन चुडांत पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवायचं, हे लक्षात असू द्या. आपले प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, पुढच्या कार्यक्रमात उत्तरं देऊ. आता सात वाजून तेरा मिनिटं झाली आहेत. दिवसभराची कामं आटोपून आपण घरी आला असाल. बातम्यांना अजून थोडा अवकाश आहे. तोवर ऐकू या शास्त्रीय गायन. राग आहे मियाँमल्हार, बंदिश मध्यलय तीनतालातली. तबल्याच्या आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावं आपण पडद्यावर पाहालच."

वीस सेंटिमीटर पुन्हा सांगितलं, ते मुद्दाम. ज्याचं लक्ष नव्हतं त्याच्याही हाती एक आकडा लागतो, आणि ज्यांनी शेती सादर केली त्यांचं काम ऐकलं गेलं हे कळतं. बातम्यांचा उल्लेख केला म्हणजे बातम्यांसाठी आलेला माणूस बसून राहतो.

तानपुरा

जुलैला मियाँमल्हार, वा! फक्त तुमच्या गायकाला दोन्ही निषादांचं लागोपाठ येणारं काम १५ मिनिटांत पेलेल ना, ते आधी विचारा. नसेल तर देस किंवा गौडमल्हार.

घड्याळवाला

या निवेदनात वेळ आली आहे, म्हणून निवेदिकेसमोरचं घड्याळ आणि माझ्या कागदावरचं घड्याळ एकच हवं. सगळ्यांचे फोन नेटवर्कच्या वेळेवर ठेवा, भिंतीवरचं घड्याळ त्याच्याशी सेकंदासकट जुळवा. आणि "सात वाजून तेरा मिनिटं" हे शब्द कागदावर पेन्सिलीने लिहा. शेतीवाल्यांनी एक पत्र जास्त घेतलं तर खोडून चौदा करावे लागतील.

बांधावरून

पत्रं दोनच घेऊ. साळ भिजत घालायची तारीख तेवढी कळवा.